एलपी६०एक्सवर जॅझ: मराठवाड्याच्या धुळीत आणि उन्हात हा टर्नटेबल किती चालतो

ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी६०एक्स हा सुरुवातीच्या किमतीतला, पूर्ण स्वयंचलित टर्नटेबल. रेकॉर्ड ऐकायला नव्यानं लागणाऱ्या अनेकांच्या घरात पहिला हाच येतो आणि त्याच्यावर लिहिलेलंही भरपूर सापडतं. पण ते बहुतेक थंड हवेच्या गावात बसून, रॉक ऐकणाऱ्यांनी लिहिलेलं. जॅझ ऐकणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. पियानोचा सूर लांबवर धरला की तो थरथरतो का, ब्रशनं घासलेला स्नेअर ड्रम ऐकू येतो की नुसती खरखर, डबल बासचा प्रत्येक सूर सुटा कळतो की सगळाच गुमगुमाट. त्यात लातूर-परभणीकडची धूळ, बोअरचं जड पाणी आणि मे महिन्यातली बेचाळीस-त्रेचाळीस अंशांची दुपार.

निकाल आधीच सांगून टाकतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि गळा यांत हे यंत्र पैसे वसूल करतं. बास नीट येतो, पण ठेवण्याची जागा चुकली तर नाही. पियानोला काठावर पास. रेकॉर्डची बाजू संपत आली की झांजांचा आवाज फाटायला लागतो, आणि तो या सुईचा खरा दोष आहे. बाकी ज्या तक्रारी याच्या माथी मारतात, त्यातल्या निम्म्या तरी घराच्या, जोडणीच्या नाहीतर रेकॉर्डच्याच असतात.

वजन २.६ किलो, म्हणजे उचलायला हलकं आणि हादरे शोषायला कमी. फिरती तबकडी ओतीव ॲल्युमिनियमची, तिच्यावर फेल्टची चटई. वेग दोनच, मिनिटाला ३३⅓ आणि ४५ फेरे. बटण दाबलं की आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आपोआप जाऊन रेकॉर्डवर बसतो आणि बाजू संपली की परत येतो. आर्मच्या मागं फिरवायचं वजन नाही, त्यामुळे सुईचा दाब कमी-जास्त करता येत नाही. तो कारखान्यातूनच साधारण ३ ग्रॅमच्या आसपास ठरवून येतो. कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो भागही बदलता येत नाही, बदलते ती फक्त सुई. हौशी लोकांना हे बंधन वाटतं. पहिल्यांदा घेणाऱ्याला मात्र चुकीचा दाब लावून रेकॉर्ड खरवडण्याची सोयच राहत नाही, आणि ते एका परीनं बरंच आहे.

जोडणीत लोक अडकतात ते बेल्टपाशी. बेल्ट तबकडीच्या आतल्या कड्यावर चढवलेलाच येतो आणि त्याला लाल फीत असते. तबकडी मधल्या खिळ्यावर बसवायची, तिच्यातलं भोक मोटरच्या पितळी पुलीसमोर आणायचं, लाल फीत धरून बेल्ट ओढायचा, पुलीवर चढवायचा आणि मग फीत काढून टाकायची. यानंतर तबकडी हातानं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं दहाएक वेळा फिरवायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात. बेल्टला पीळ राहिला तर वेग दर फेऱ्याला हलतो आणि पहिल्याच दिवशी ‘पियानो रडतो’ अशी तक्रार येते. आर्म बांधलेली तार आणि सुईवरचं प्लास्टिकचं टोपण काढायला विसरू नका, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

मागच्या बाजूला फोनो आणि लाइन असं एक बारीक बटण आहे. फोनो म्हणजे सुईकडून आलेला मूळ क्षीण सिग्नल, लाइन म्हणजे तोच यंत्राच्या आत वाढवलेला. ॲम्प्लिफायरला फोनो लिहिलेली जागा असेल तर केबल तिथं लावून बटण फोनोवर ठेवा. नसेल, म्हणजे ऑक्स किंवा साधे ॲक्टिव्ह स्पीकर असतील, तर लाइनवर. उलटं झालं तर लक्षण लगेच कळतं. फोनोवरचा आवाज ऑक्समध्ये घातला तर तो बारीक, किनरा, बास नसलेला येतो. लाइनवरचा आवाज फोनोत घातला तर सगळं फाटून येतं. दुकानात परत न्यायच्या आधी हे बटण एकदा बघावं.

घरोघरी असतो तो पाच-एकचा होम थिएटर संच. तो चालतो, पण दोन गोष्टी करा. थ्री-डी, सराउंड वगैरे सगळे खेळ बंद करून फक्त दोन स्पीकर ठेवा आणि सबवूफर पाव भागावर आणा. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधलं पहिलंच ‘सो व्हॉट’ घ्या. त्यात मुख्य धून बासवर आहे, पॉल चेंबर्स ती वाजवतो आणि बाकीचे तिला उत्तर देतात. सबवूफर धमधमत असेल तर धूनच हरवते, उरतात फक्त उत्तरं.

आता जागा. लोखंडी कपाटावर, फ्रिजवर किंवा स्पीकर ज्या टेबलावर आहेत त्याच टेबलावर हे यंत्र ठेवू नका. स्पीकरचा हादरा फळीतून सुईत जातो, सुई तो पुन्हा स्पीकरला देते आणि बासचा घुमारा वाढत जातो. आवाज कमी केला की घुमारा थांबतो, हीच त्याची ओळख. यावर महागडे स्टँड मिळतात, पण आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू दारात पडलेली असते: शहाबादी फरशी. साधारण ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि २५ मिलिमीटर जाडीचा तुकडा तेराएक किलो भरतो. भक्कम लाकडी टेबलावर चार घडी सतरंजी, तिच्यावर फरशी आणि फरशीवर टर्नटेबल. फरशी पाणसळीनं तपासून घ्या, दोन्ही दिशांनी. माळवदाच्या घरात एक जादाची काळजी लागते. तुळयांच्या फटींतून माती बारीक झिरपत असते, त्यामुळे वरचं पारदर्शक झाकण रेकॉर्ड वाजत असतानाही लावून ठेवा.

वेग तपासायला कुठलं उपकरण लागत नाही. तबकडीच्या कडेला कागदाचा एक बारीक कपटा चिकटवा, रेकॉर्ड लावा, सुई टेकवा आणि मोबाइलच्या घड्याळावर फेऱ्या मोजा. ३३⅓ च्या हिशेबानं तीन मिनिटांत बरोबर शंभर फेऱ्या व्हायला हव्यात. शंभर फेऱ्यांना १८० ऐवजी १७८ सेकंद लागले तर यंत्र एक टक्क्याहून किंचित जास्त वेगानं पळतंय. अर्ध्या स्वराचा फरक पडायला साधारण सहा टक्के लागतात, म्हणून एवढा फरक एरवी कानाला जाणवत नाही, पण सोबत पेटी धरली की खटकतो. यंत्राच्या बुडाशी दोन बारीक भोकं असतात, आत ३३ आणि ४५ चा वेग कमी-जास्त करायचे ट्रिम स्क्रू. घड्याळजीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन केसभर फिरवा आणि पुन्हा मोजा. एकदम पाव फेरा दिला तर अर्धा दिवस त्यातच जातो.

स्क्रूला हात लावण्याआधी एक गोष्ट मात्र माहीत हवी. ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू २ मार्च १९५९ ला ध्वनिमुद्रित झाली. त्या दिवशी एक टेप मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे ती टेप योग्य वेगानं वाजवली की सूर चढे येतात. कित्येक वर्षं रेकॉर्डी तशाच निघत राहिल्या आणि १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत हे दुरुस्त झालं. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिच्यात हा दोष नाही. तपासणी पेटीवर होते. ‘सो व्हॉट’ पांढरी दोनवर आहे, स्वर आपल्या काफी थाटाचे, मधले आठ बार (चार-चार मात्रांचे गट) काळी दोनवर सरकतात आणि परत येतात. दुसऱ्या बाजूचं पहिलं ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचवर. पेटी नीट सुरात असेल आणि पहिली बाजू चढी पण दुसरी बरोबर लागत असेल, तर तुमच्या हातात जुन्या साच्याची प्रत आहे. यंत्राला दोष देऊ नका. दोन्ही बाजू सारख्याच चढ्या असतील तरच स्क्रू ड्रायव्हर काढा.

थरथरीचं निदानही असंच मोजून होतं. कंपनी वेगातली थरथर ०.२५ टक्क्यांच्या आत असल्याचं सांगते. या दर्जाच्या यंत्राला ते ठीक, उत्तम नाही. पियानोच्या सुटलेल्या सुरांवर कान ठेवा. सूर दर १.८ सेकंदांनी एकदा वर-खाली होत असेल तर तो रेकॉर्डचा दोष: मधलं भोक मध्यावर नाही किंवा रेकॉर्ड वाकडी झाली आहे, कारण एका फेऱ्याला १.८ सेकंदच लागतात. थरथर बारीक आणि सतत असेल तर बेल्ट बघा. पीळ, तेलाचे हात लागलेला बेल्ट, नाहीतर पुलीवर धूळ. पुली इअरबडवर स्पिरिट घेऊन पुसली की बहुतेक वेळा भागतं. या तपासणीला पियानोवाल्या बिल इव्हान्सचं ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ चांगलं. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये प्रेक्षकांसमोर मुद्रित झालेलं, संथ, मोकळ्या जागा असलेलं. त्यात मागं ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज आहे. ती रेकॉर्डमधलीच. किणकिण ठरावीक १.८ सेकंदांनी येत असेल तर मात्र तो ग्लास नव्हे, ओरखडा.

आता खरा दोष. सुई शंकूच्या आकाराची, म्हणजे टोक गोल. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगानं सरकते, आत लेबलजवळ तीच २० च्या घरात येते. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, आणि गोल टोकाला त्या बारीक वळणांत शिरता येत नाही. परिणाम: झांजा ‘त्स्स’ऐवजी ‘फ्फ’ वाजतात, सॅक्सोफोनच्या वरच्या सुरांना काटे येतात. याची सगळ्यात कडक परीक्षा पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकच्या ‘टाइम आउट’मध्ये होते, कारण ‘टेक फाइव्ह’ पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी आहे. जो मोरेलोचा तो ड्रमचा भाग, खाली पियानो पाच मात्रांचं आवर्तन धरून बसलेला, बरोबर त्या अडचणीच्या जागेत येतो. (पाच मात्रा म्हणजे झपतालाचं अर्धं आवर्तन, फक्त दोन-तीनऐवजी तीन-दोन. आपल्या कानाला ते अमेरिकन श्रोत्यांइतकं अवघड जाऊ नये. ब्रूबेक १९५८ मध्ये भारतात येऊन वाजवून गेला होता.) एलपी६०एक्सवर ड्रमचे ठोके नीट येतात, पण त्यांच्यावरची झांज रखरखीत होते. महाग यंत्रावर हाच तुकडा चकाकतो. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या दोन्ही बाजू मात्र संथ, हळू आवाजाच्या रचनांवर संपतात, तिथं काहीच बोचत नाही. म्हणजे हे यंत्र कोणत्या रेकॉर्डला साथ देईल हे बाजूच्या शेवटी काय आहे त्यावरून ओळखता येतं.

फुंकून वाजणाऱ्या वाद्यांबद्दल वाद नाही. मराठवाड्यात ज्यानं लग्नाच्या वरातीत बँडचा क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट चार हातांवरून ऐकला आहे, त्याला पितळी वाद्याचा खरा आवाज माहीत असतो: थोडा कडक, थोडा थुंकी लागलेला, फुंकर आधी आणि सूर नंतर. ही सुई तो कडकपणा ठेवते. १९५० च्या दशकातल्या मोनो रेकॉर्डींवर तर गोल टोकाचा उलट फायदाच होतो, त्या खाचा तशाच सुईसाठी कापलेल्या. कोलट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, सॉनी रॉलिन्सचा भरीव आवाज इथं अंगावर येतो.

लाईटीचं काय? ॲडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि मोटर डीसी सर्व्होची, म्हणजे आपला वेग आपणच सांभाळणारी आहे. शेतीपंप सुरू झाले आणि बल्ब मंदावले तरी वेग ढळत नाही. जुन्या एसी मोटरवाल्या यंत्रांपेक्षा हा मोठा फरक. लाईट मध्येच गेली तर तबकडी थांबते आणि सुई रेकॉर्डवर तशीच राहते. अप-डाउनचं बटण दाबून आर्म उचला आणि हातानं जागेवर ठेवा. आपोआप जाता-येताना मध्येच अडकला असेल तर आर्म ओढू नका, तबकडी हातानं पुढच्या दिशेनं फिरवत न्या, तो स्वतः जागेवर जातो. गुणगुण येत असेल तर तिचं कारण बहुतेक वेळा घराच्या अर्थिंगमध्ये असतं. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच बोर्डावर घ्या आणि ॲडॉप्टर आवाजाच्या केबलपासून हातभर लांब ठेवा. स्वस्त स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर घूं करतातच, त्याला इलाज नाही, लाईट येईपर्यंत थांबा.

धूळ हा इथला मोठा शत्रू. फेब्रुवारी ते मे वाऱ्यात काळी माती उडते आणि ती खाचेत बसली की सुई तिला दळत जाते. प्रत्येक बाजूआधी कार्बन फायबरचा ब्रश रेकॉर्ड फिरत असताना दोन फेरे धरायचा आणि मग हळूच बाहेर सरकवायचा. ओली धुलाई करायची तर बोअरचं किंवा टँकरचं पाणी अजिबात नको. वाळल्यावर क्षार खाचेत राहतात आणि रेकॉर्ड पहिल्यापेक्षा जास्त कडकडते. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी घ्या, बाटलीवरचं नाव वाचूनच, कारण शेजारी ॲसिडचीही तशीच बाटली असते. एक लिटरात बिनवासाच्या भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेनं गोल. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं धुवून अर्धा तास उभी वाळवायची. लेबल भिजू द्यायचं नाही.

कूलरबद्दल मत थोडं विभागलेलं असतं. कोरड्या हिवाळ्यात रेकॉर्डवर स्थिर वीज साचते, उचलताना फेल्टची चटईही सोबत येते आणि मग पडून रेकॉर्ड घासते. उन्हाळ्यात कूलरच्या ओलाव्यानं हे कमी होतं. पण कूलरच्या झोताच्या समोर टर्नटेबल ठेवलं तर जड पाण्याचे तुषार उडून पांढरे डाग पडतात. झोत भिंतीकडे, यंत्र कोपऱ्यात. हिवाळ्यात चटई दोन बोटांनी दाबून धरा आणि मग रेकॉर्ड उचला.

ऊन तर रेकॉर्डला थेट मारतं. व्हिनाइल साठ-सत्तर अंशांना मऊ पडतं आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढी उष्णता सहज होते. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलेला गठ्ठा एका उन्हाळ्यात वाकतो. रेकॉर्डी उभ्या, एकमेकींना टेकून पण न दाबता, उत्तरेच्या भिंतीला. पुण्या-मुंबईहून मागवायच्या तर दिवाळीनंतर. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात दोन दिवस पडलेलं पार्सल उघडायची हिंमत होत नाही.

एक इशारा जुनी घरं असलेल्यांना. आजोबांच्या पेटीत सापडणाऱ्या काळ्या, जड, पडली की फुटणाऱ्या रेकॉर्डी ७८ च्या असतात. यंत्रात तो वेगच नाही, आणि या सुईचं टोक त्या रुंद खाचेच्या तळाशी भटकतं. त्यांना स्पिरिटही लावू नका, लाखेचा थर विरघळतो. वाईट याचं वाटतं की हिंदी चित्रपटातलं अस्सल जॅझ त्याच रेकॉर्डींत आहे. गोदाकाठच्या पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’ (१९५१) केला तेव्हा त्यात मुंबईचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट आणि त्याचा बँड होता. ती गाणी नंतरच्या एलपीवर, म्हणजे ३३⅓ च्या लाँग-प्ले रेकॉर्डवर, मिळाली तरच इथं वाजतील.

दहा इंची रेकॉर्डींचाही घोळ आहे. जॅझच्या सुरुवातीच्या एलपी, १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या, पुष्कळशा दहा इंची. यंत्रावर आकाराचं बटण फक्त सात आणि बारा इंचांचं. स्वयंचलित सुरू केलं तर सुई रेकॉर्डच्या बाहेर उतरते. अशा वेळी अप-डाउननं आर्म वर ठेवून हातानं कडेवर आणायचा आणि मग सोडायचा. दिग्दर्शक लुई मालच्या १९५८ च्या ‘लिफ्ट टू द स्कॅफोल्ड’ या फ्रेंच चित्रपटाचं माइल्सनं दिलेलं संगीत फ्रान्समध्ये दहा इंचीवरच निघालं होतं. डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसला, पडद्यावर दृश्यं बघत उत्स्फूर्त वाजवलेलं. तो चित्रपट आणि १९८६ चा ‘राउंड मिडनाइट’, ज्यात टेनरवाला डेक्स्टर गॉर्डन स्वतः मुख्य भूमिकेत आहे आणि ज्याच्या संगीताचं ऑस्कर हर्बी हॅनकॉकला मिळालं, हे दोन्ही याच स्पीकरवर लावून बघावेत. सबवूफर पावावरच ठेवा. पॅरिसच्या रात्री ओल्या रस्त्यावरून चालत जाणाऱ्या नायिकेच्या, जाँ मोरोच्या, मागं ट्रम्पेटचा आवाज नेमका किती कोरडा असावा, ते तिथं कानाला लागतं आणि मग रेकॉर्ड तपासायला सोपं जातं.

सुई एटीएन३६००एल. ५०० तास धरले आणि रोज एक एलपी वाजवली, तर दोन वर्षांच्या आसपास. धुळीच्या घरात दीड. बदलताना जुन्या सुईचं तोंड खाली दाबून पुढं ओढायचं, नवी तिरकी घालून खट् आवाज येईपर्यंत वर ढकलायची. साफ करताना ब्रश मागून पुढं, कधीही उलटा नाही, आणि ओला नाही.

‘टेक फाइव्ह’ची झांज सहन होत नसेल तर या यंत्रात सुधारणेला जागा नाही. मग मागं फिरवायचं वजन आणि बदलता येणारं कार्ट्रिज असलेलंच घ्या. त्याच कंपनीचा एलपी१२०एक्स थेट मोटरवर चालतो, त्याला ७८ चा वेगही आहे, फक्त ७८ साठी वेगळी सुई घ्यावी लागते. तो वजनदार आहे आणि आर्म आपोआप परत येत नाही: रात्री ऐकता ऐकता झोप लागली तर सुई सकाळपर्यंत शेवटच्या खाचेत फिरत राहते.